ग्रेड म्हणजे टप्पा नव्हे



वस्तीतल्या बायका हल्ली सोनोग्राफीचे रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येतात. तपासणी झालेली असते पित्ताच्या खड्यांसाठी; तळाशी मात्र एक ओळ असते, 'फॅटी लिव्हर, ग्रेड १'. डॉक्टर सांगतात, वजन कमी करा, फिरायला जा. (पाण्याच्या रांगेची वेळ त्यांनी विचारलेली नसते.) घरचे म्हणतात, 'हा तर दारुड्यांचा आजार, तुला कसा?' नवऱ्याच्या दारूपायी मार खाल्लेल्या बाईला हे ऐकावं लागतं, याची मला मनस्वी चीड येते. २०२३ साली यकृततज्ज्ञांनी या आजाराच्या नावातून दारूचा उल्लेख काढला आणि तो साखर, रक्तदाब, वाढलेला घेर अशा चयापचयाच्या बिघाडाशी जोडला. हे घरोघर सांगायला हवं.

पण त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. सोनोग्राफीतला ग्रेड फक्त चरबी किती दिसते ते सांगतो. आजाराचे टप्पे वेगळे: आधी नुसती चरबी, काहींना पुढे सूज, मग व्रणासारखे तंतू आणि शेवटी सिरॉसिस. जिवाला धोका किती, हे मुख्यतः तंतूंवर ठरतं. सिरॉसिसमध्ये तर चरबी कमीही होऊ शकते!

टप्पा नेमका कळायला यकृताचा तुकडा काढून तपासावा लागतो. ते टाळण्यासाठी रक्तातली अमिनो आम्लं, पित्ताम्लं अशा खुणांवर संशोधन चालू आहे. ते आपल्या दवाखान्यात यायला वेळ आहे. 'फिब-४' हा हिशेब मात्र आजही होतो. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचं. समजा वय ५२, एसजीओटी ५०, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १ लाख ६० हजार, म्हणजे हिशेबात १६०. उत्तर येतं २.७. एकेक आकडा पाहून कुणी दचकणार नाही, पण २.६७ च्या वर म्हणजे तज्ज्ञाकडे जायलाच हवं. १.३ च्या खाली असेल तर गंभीर तंतूंची शक्यता कमी. मधल्यांना फायब्रोस्कॅन. पस्तिशीच्या आतल्यांसाठी मात्र हा हिशेब भरवशाचा नाही.

पाळी गेल्यावर बायकांमध्ये तंतूंचा धोका वाढतो. नेमक्या त्याच वयात आपण दुखणी अंगावर काढतो. सरकारने २०२१ मध्ये हा आजार राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आहे. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात हा हिशेब करून मागा, आणि चाळिशीपुढच्या बायकांचे जुने रिपोर्ट गटाच्या पुढच्या बैठकीला घेऊन या.