विश्लेषण : ग्रेड आठ झाली म्हणजे कॉन्सर्ट पियानिस्ट होता येतं का? सातारा-सांगलीच्या पालकांनी आधी काय समजून घ्यावं?

साताऱ्यात किंवा सांगलीत एखादी मुलगी पियानोची तिसरी ग्रेड डिस्टिंक्शनमध्ये पास होते. सर्टिफिकेटचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतो, अभिनंदनाचा पाऊस पडतो आणि कुणीतरी काका लिहितात, 'आता हिला पियानिस्टच करा!' इथपर्यंत सगळं आनंदाचं आहे. घोटाळा त्यानंतर सुरू होतो. कारण ग्रेडची परीक्षा आणि स्पर्धेतला पियानिस्ट हे दोन वेगळे रस्ते आहेत, हे त्या घराला बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. कळतं तेव्हा मूल सोळा-सतरा वर्षांचं झालेलं असतं, दहावी-बारावी समोर असते आणि दहा वर्षांची फी भरून झालेली असते.

म्हणूनच हा रस्ता नेमका कसा आहे, तो कुठे अडतो आणि सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यांतून तो जाऊ शकतो का, हे आधीच समजून घेतलेलं बरं.

ग्रेड म्हणजे नेमकं काय?

भारतात पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा प्रामुख्याने ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या लंडनच्या संस्था घेतात. पहिली ते आठवी अशा ग्रेड आणि त्यानंतर डिप्लोमा, अशी रचना असते. ठरावीक तुकडे, स्केल्स, समोर आलेलं नोटेशन लगेच वाजवणं, ऐकून ओळखणं यांवर गुण मिळतात.

आपल्याकडच्या पालकांना हे गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांवरून पटकन कळेल. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही पायरी चढणारी मुलं मिरज-सांगलीच्या गल्लीगल्लीत सापडतात. पण विशारद झालं म्हणून सवाई गंधर्व महोत्सवाचं आमंत्रण येत नाही, हेही त्यांच्या घरच्यांना पक्कं ठाऊक असतं. मैफलीचा गवई घडतो तो गुरूसमोर, रोजच्या रियाजात. परीक्षा फक्त पाया तपासते. पियानोतही तसंच आहे. फरक इतकाच, की गाण्याबाबत ही समज आपल्या हवेतच आहे आणि पियानोबाबत नाही.

स्पर्धा किती कठीण असते?

पियानोच्या जगात वॉर्साची शोपॅन स्पर्धा सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एक आहे. १९२७ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा आता दर पाच वर्षांनी होते आणि तिथे फक्त शोपॅनच्याच रचना वाजवायच्या असतात. २०२५ मध्ये सहाशेहून अधिक अर्ज आले. मुख्य स्पर्धेत ८४ जण वाजवू शकले आणि अंतिम फेरीत ११ पोचले. पहिलं बक्षीस ६० हजार युरोंचं होतं. ते अमेरिकेच्या एरिक लूला मिळालं.

या एरिक लूची गोष्ट पालकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१५ मध्ये, सतराव्या वर्षी, तो याच स्पर्धेत चौथा आला होता. २०१८ मध्ये त्याने इंग्लंडमधली लीड्सची स्पर्धा जिंकली. तरीही २०२५ मध्ये तो पुन्हा वॉर्सात उतरला. म्हणजे जगात चौथा आलेला माणूससुद्धा दहा वर्षांनी पुन्हा परीक्षकांसमोर बसतो.

दुसरी बाजू वयाची. या स्पर्धांचं दार साधारण तिशीत बंद होतं. दक्षिण कोरियाच्या युनचान लिमने २०२२ मध्ये अमेरिकेतली व्हॅन क्लायबर्न स्पर्धा जिंकली, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. सातव्या वर्षी त्याने सुरुवात केली आणि तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याला पुढे नेणारा गुरू मिळाला. हे सगळं शिक्षण कोरियातच झालं. क्रिकेटमध्ये जसं अंडर-१९ संघात विसाव्या वर्षी जाता येत नाही, तसंच इथे आहे. बारा ते अठरा या वयात योग्य हात डोक्यावर नसेल, तर नंतरची मेहनत तो खड्डा क्वचितच भरून काढते.

कीबोर्डवर शिकलं तर चालत नाही का?

सुरुवातीला चालतं, पुढे नाही. याचं कारण यंत्राच्या रचनेत आहे. पियानोला ८८ पट्ट्या आणि सुमारे २३० तारा असतात. पट्टी दाबली की आतली छोटी हातोडी तारेवर आदळते. किती वेगाने आदळते, यावर आवाजाची ताकद आणि पोत ठरतो. या तारांचा एकूण ताण १८-२० टनांच्या आसपास असतो आणि तो पेलायला आत ओतीव लोखंडाची चौकट असते. बोटांना जो जडपणा लागतो, तो या यंत्रणेचा असतो.

६१ पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर ही यंत्रणाच नसते. त्यावर पाच वर्षं वाजवलेलं मूल खऱ्या पियानोवर बसलं, की बोटं दमतात आणि हळू आवाज काढताच येत नाही. टेनिस बॉलवर खेळून थेट लेदर बॉलसमोर उभं राहावं, तसं. मधला पर्याय म्हणजे ८८ जड पट्ट्यांचा डिजिटल पियानो. तो साधारण पन्नास हजारांच्या आसपास सुरू होतो. तारांच्या उभ्या पियानोला काही लाख लागतात. मोठ्या सभागृहातला नऊ फुटी कॉन्सर्ट ग्रँड कोटीच्या घरात जातो.

शिवाय लाकूड हवेतला ओलावा ओढतं. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाळ्यात पियानोचा सूर बिघडतो. त्याला वेळोवेळी सुरात आणणारा ट्यूनर लागतो आणि असा माणूस जिल्ह्याच्या गावी सहज मिळत नाही.

पण साताऱ्यात तर फ्रेडी मर्क्युरी शिकला होता!

हो, आणि ही गोष्ट नीट वाचली तर बरंच काही सांगते. झांझिबारमध्ये जन्मलेला फारूख बलसारा लहानपणी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला आला. तिथे तो पियानो शिकला. १९५८ च्या सुमारास त्याने शाळेतल्या मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्यात तो पियानो वाजवायचा. पुढे 'क्वीन'चा फ्रेडी मर्क्युरी म्हणून तो जगाला माहीत झाला. पियानोच्या परीक्षेत तो चौथ्या ग्रेडपर्यंत गेला होता, असं त्याच्या चरित्रांत येतं.

म्हणजे आठवी ग्रेड न करताही माणूस मोठा संगीतकार होऊ शकतो. पण तो शास्त्रीय पियानिस्ट झाला नाही, हेही तितकंच खरं. पाचगणीने त्याला दिलं ते इतकंच : हाताशी एक पियानो, शिकवणारा माणूस आणि वाजवायला मित्र. तेवढ्यावर त्याचा कान आयुष्यभरासाठी तयार झाला.

अडचण अशी, की ही सोय पसरणी घाटाच्या वर, बोर्डिंगच्या फीमध्ये राहिली. घाट उतरून वाईत किंवा साताऱ्यात आलं, की तीच गोष्ट सहज हाती लागत नाही.

मग लहान गावातून हे शक्यच नाही का?

शक्य आहे. याचा सर्वांत मोठा पुरावा व्हिएतनामचा आहे. डांग थाय सॉन १९५८ मध्ये हनोईत जन्मला. युद्धात अमेरिकी बॉम्बहल्ले सुरू झाले, तेव्हा हनोईचं संगीत विद्यालय शहराबाहेर खेड्यात हलवलं गेलं. त्याची आई तिथेच पियानो शिकवायची. मोडकेतोडके पियानो, त्यावर आळीपाळीने वाजवणारी मुलं, वर विमानांची भीती. १९७४ मध्ये रशियाचे पियानिस्ट आयझॅक काट्झ यांनी त्याचं वादन ऐकलं आणि पुढे तो मॉस्कोला शिकायला गेला. १९८० मध्ये त्याने शोपॅन स्पर्धा जिंकली. ती जिंकणारा तो पहिला आशियाई.

गोष्ट इथे संपत नाही. २०२१ चा विजेता ब्रूस लिऊ डांग थाय सॉनचा शिष्य आहे. २०२५ चा विजेता एरिक लू हाही त्याच्याकडे शिकलेला आहे. आपल्या भाषेत याला घराणं म्हणतात.

त्या खेड्यात चांगला हॉल नव्हता, चांगला पियानो नव्हता, पैसाही नव्हता. पण विद्यालय मुलांच्या मागोमाग खेड्यात गेलं होतं आणि गुरू त्यांच्या शेजारी होता. प्रतिभा सगळीकडे असते. कमी असतो तो गुरू आणि त्याला धरून ठेवणारी संस्था.

मिरजेनं हे आधीच करून दाखवलंय

सांगली जिल्ह्याला हे समजायला व्हिएतनामला जायचीही गरज नाही. एकोणिसाव्या शतकात मिरजेतल्या शिकलगार घराण्यांनी हत्यारांना धार लावण्याच्या व्यवसायातून सतार-तंबोऱ्याच्या कारागिरीकडे मोर्चा वळवला. फरीदसाहेबांचं नाव त्यात आजही आदराने घेतलं जातं. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं.

याच गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकवायचे. लहानपणी दारूकामाने दृष्टी अधू झालेले विष्णू दिगंबर पलुस्कर मिरज संस्थानच्या आश्रयाने त्यांच्याकडे शिकले. पुढे १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. उस्ताद अब्दुल करीम खाँही मिरजेतच राहिले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. मीरासाहेब दर्ग्यात आजही खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते.

वाद्य बनवणारा, गुरू, आश्रय देणारा राजा आणि ऐकणारा श्रोता हे चौघे एका गावात आले, म्हणून मिरज घडली. यातला एक काढला असता, तर ती इतर तालुक्याच्या गावांसारखीच राहिली असती.

पट्ट्यांचं वाद्यही आपल्याला परकं नाही. पेटी आणि ऑर्गन युरोपातूनच आले. मराठी संगीत नाटकाने ऑर्गनवाल्याला आणि पेटीवाल्याला रोजचं काम दिलं, म्हणून गोविंदराव टेंब्यांसारखा वादक घडला. वाद्य परदेशी असणं कधीच आड आलं नाही. वादकाला काम मिळतं का, हा खरा प्रश्न होता आणि आजही तोच आहे.

पोटापाण्याचं काय?

इथे स्पष्ट बोललेलं बरं. मुंबईच्या एनसीपीएमध्ये २००६ पासून असलेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा देशातला असा जवळपास एकुलता एक पूर्ण व्यावसायिक वाद्यवृंद. त्यात पियानिस्टला व्हायोलिनवाल्यासारखी रांगेतली खुर्ची नसते. एकल वादक बाहेरून बोलावले जातात, तेही बहुधा नावाजलेले. त्यामुळे केवळ मैफलींवर घर चालवणारा शास्त्रीय पियानिस्ट भारतात अपवादच ठरतो.

पण पियानो नीट शिकलेल्या माणसाला शिकवणं, गायक-वादकांची साथ, चित्रपट आणि जाहिरातींचं रेकॉर्डिंग, संगीत संयोजन अशी कामं आहेत. अनेकांचं उत्पन्न यातल्या दोन-तीन गोष्टी मिळून होतं. हे अपयश मानायचं कारण नाही. जगभरातले बहुतेक पियानिस्ट असंच जगतात.

उच्च शिक्षणासाठी परदेशी जायचं, तर सगळीकडे कोट लागतातच असं नाही. फिलाडेल्फियाची कर्टिस संस्था प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाला शिकवणी फी माफ करते. जर्मनीतल्या अनेक सरकारी संगीत विद्यापीठांत फी नाही किंवा नाममात्र आहे. राहण्या-खाण्याचा खर्च मात्र असतो. आणि प्रवेश ऑडिशनवर मिळतो, सर्टिफिकेटांच्या फायलीवर नाही.

मग करायचं काय?

पालकांसाठी तीन गोष्टी. पहिली, दरवर्षी एक ग्रेड उरकण्याची घाई नको. वर्षभर तीनच तुकडे घासून परीक्षा देणारं मूल आठव्या ग्रेडला पोचतं, पण त्याच्याकडे वाजवायला दोन तासांचं संगीत नसतं. दुसरी, आहे त्या शिक्षकांचा मान ठेवून दहाव्या-अकराव्या वर्षी मुलाचं वादन मुंबई-पुण्यातल्या जाणत्या पियानिस्टला एकदा ऐकवावं आणि मत सरळ विचारावं. तिसरी, मुलाला स्वतःहून पियानोवर बसावंसं वाटतं का, हे बघावं. रोजचे चार-पाच तास कुणाच्या धाकाने दहा वर्षं निभत नाहीत.

जिल्ह्यांसाठीही एक गोष्ट. साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात आणि सांगलीच्या विष्णुदास भावे नाट्यमंदिरात एकेक चांगला पियानो, महिन्यातून दोनदा येणारा जाणता शिक्षक आणि मुलांना वाजवायला ठरलेली वेळ, एवढं जमवणं अशक्य नाही. पाचगणीच्या शाळांनी शनिवार-रविवारी वाई-साताऱ्याच्या मुलांसाठी संगीताच्या खोलीचं दार उघडलं, तर सुरुवात आणखी स्वस्तात होईल. साखर कारखाने आणि सहकारी बँका कुस्तीच्या मैदानाला हात देतात, तसा इथेही देऊ शकतात. तालमीशिवाय मल्ल घडत नाही, हे या दोन जिल्ह्यांना वेगळं सांगायला नको.

हे होईपर्यंत तिसऱ्या ग्रेडच्या त्या मुलीचं कौतुक जरूर करावं. तिचं करिअर मात्र व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरवू नये. आधी तिच्यासाठी गुरू शोधावा.