उखडलेल्या घराचे अंदाजपत्रक

भाड्याने देण्यासाठी किंवा पुन्हा विकण्यासाठी घेतलेले जुने घर फरशी, गिलावा, नळ आणि तारांसह आतून पूर्ण उखडले जाते, तेव्हा त्याच्या नूतनीकरणाचा खर्च चौरस फुटाच्या दराने सांगण्याची पुण्या-मुंबईच्या व्यवसायात रुळलेली प्रथा नव्या बांधकामाच्या हिशेबातून आलेली असून अशा घराला ती लागू पडत नाही. येथे खर्च ठरतो तो उरलेल्या सांगाड्याच्या अवस्थेवरून, आणि शेजारशेजारच्या दोन सारख्या घरांचीही अवस्था क्वचितच सारखी असते.

गिलाव्याचेच पाहावे. आतल्या गिलाव्याची जाडी साधारण १२ मिलिमीटर धरली जाते. परंतु जुनी वीटभिंत ओळंब्यात, म्हणजे वरपासून खालपर्यंत सरळ रेषेत, नसेल तर ती सपाट करताना काही ठिकाणी २५ मिलिमीटरपर्यंत जावे लागते, तेथे गिलावा दोन थरांत चढतो आणि सिमेंट-वाळू दुपटीने लागते. राडारोड्याचा हिशेबही असाच चुकतो: २५ मिलिमीटर जाडीचा १०० चौरस मीटर गिलावा भिंतीवर अडीच घनमीटर भरतो, पण पाडल्यावर तो मोकळा होतो, आणि ही वाढ ४० टक्के धरली तर साडेतीन घनमीटर, म्हणजे १०० घनफुटांच्या ब्रासच्या मापाने सुमारे सव्वा ब्रास माल उचलावा लागतो. बोळात टेम्पो शिरत नसेल तर घमेल्यांनी वाहण्याची मजुरी निराळी, जी कागदावर सहसा येतच नाही.

खरी कसोटी स्लॅबची. सळई गंजली की गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी वाढून काँक्रीटचा खालचा थर सुटतो. सुटलेला भाग दिसतो, सुटू घातलेला दिसत नाही. म्हणून हातोडीने ठोकून पोकळ आवाजाच्या जागा खडूने आखणे आणि शंका असेल तेथे काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींच्या वेगावरून त्याची एकसंधता जोखणारी अल्ट्रासॉनिक चाचणी करणे, हा मोजमापाचाच भाग मानावा. तरीही जे मोजता येत नाही, त्याचा दर आधी ठरवून परिमाण तात्पुरते लिहावे आणि देयक प्रत्यक्ष मोजणीवर करावे. ते ३ ते ५ टक्क्यांच्या आकस्मिक तरतुदीत झाकणे हा निव्वळ आळस होय.

गुंतवणूकदाराला आकडा हवा असतो तो सौद्यापूर्वी, घर अद्याप झाकलेले असताना, आणि काम लांबल्यास कर्जाचे व्याज व बुडालेले भाडेही त्यालाच सोसावे लागते. तेव्हा सौद्यापूर्वीचा अंदाज आणि उखडल्यानंतरचे अंदाजपत्रक हे दोन वेगळे दस्तऐवज ठेवून, दुसऱ्याचे शुल्क पहिल्याच भेटीत ठरवून घ्यावे.