अपडेटमध्ये न येणाऱ्या गोष्टी

तर मंडळी, घेतला एकदाचा नवा फोन! नऊ महिन्यांचे हप्ते, जुना हँडसेट एक्स्चेंजमध्ये आणि कव्हर फुकट. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट एकाच कंपनीची नाहीये.

फर्स्ट इम्प्रेशन? एकदम झक्कास! १२० हर्ट्झचा स्क्रीन, त्यामुळे बोट फिरवलं की सगळं कसं झर्रकन सरकतं. कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा. अर्थात फोटो निघतो तो साडेबारा मेगापिक्सेलचाच, कारण चार-चार पिक्सेलचा मिळून एक होतो. पण त्यामुळे कमी उजेडातही फोटो बरा येतो, सो नो तक्रार. बॉक्समध्ये चार्जर नाही, हेही आता आपण निमूटपणे मान्य केलंय.

संध्याकाळी आई म्हणाली, "अगं, आजीचं ते रेकॉर्डिंग घेतलंस ना नव्या फोनमध्ये?"

आजी चकलीच्या भाजणीचं प्रमाण सांगतेय, मध्येच मला ओरडतेय, असं ते अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग. आजी आता नाही. जुना फोन देताना मी त्यातलं मेमरी कार्ड तेवढं आठवणीनं काढून पाकिटात ठेवलं होतं. पिन खुपसून ट्रे बाहेर काढला, तर दोन सिमच्या जागा. कार्डाला जागाच नाही! दुकानात तासभर रंग निवडत बसले होते मी. हा एक प्रश्न विचारायला किती वेळ लागला असता?

नवीन फोनमध्ये काही खटकलं की आपण म्हणतो, "येईल अपडेटमध्ये." कधीकधी येतंही. ऑगस्ट २००८ मध्ये आयफोन थ्रीजी भारतात आला, तेव्हा ८ जीबीच्या मॉडेलसाठी ३१ हजार मोजूनही त्यात साधं कॉपी-पेस्ट नव्हतं. जून २००९ च्या अपडेटमध्ये ते आलं, जुन्या हँडसेटवरही. पण त्यातल्या २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याला ऑटोफोकस नव्हता, तो कुठल्याच अपडेटनं आला नाही. त्यासाठी पुढचा थ्रीजीएस घ्यावा लागला. सॉफ्टवेअरची उधारी फिटू शकते, हार्डवेअरची नाही!

म्हणून दुकानात चार गोष्टी बघाच. एक, कार्डाची जागा आहे का? नसेल तर स्टोरेज आताच जास्तीचं घ्या, नंतर वाढत नाही. आणि १२८ जीबीतली बरीच जागा सिस्टीम आणि अ‍ॅप्सच खातात. दोन, इअरफोनचं भोक आहे का? तीन, टाइप-सी हा फक्त पिनचा आकार झाला, आतलं यूएसबी कुठलं ते विचारा. २.० असेल तर वेग सेकंदाला जास्तीत जास्त ४८० मेगाबिट. मोठे व्हिडिओ लॅपटॉपवर घेताना चहा पिऊन येता येतो. चार, फोन पाच मिनिटं कॅमेरा सुरू ठेवून हातात धरा. एसीच्या दुकानातच गरम होत असेल, तर मे महिन्यात गाडीच्या हँडलवर मॅप लावल्यावर काय होईल? आपोआप ब्राइटनेस कमी होईल, चार्जिंग मंदावेल, आणि तुम्ही भर सिग्नलला डोळे बारीक करून रस्ता शोधत बसाल.

माझ्या कार्डाचं काय झालं म्हणता? टाइप-सीचा छोटा कार्ड रीडर आणला, फाइल कॉपी केली, आईला पाठवली आणि लॅपटॉपवरही ठेवली. मग ऐकायला बसले, तर माझे वायरवाले इअरफोन नव्या फोनला लागेनात. शेवटी स्पीकरवरच लावलं. आजीचा आवाज घरभर गेला. आई गॅस बंद करून बाहेर आली आणि अकरा मिनिटं दारातच उभी राहिली.

इअरफोनचं भोक नसल्याबद्दलची माझी तक्रार तेवढी मी मागे घेतलीये. कार्डाबद्दलची मात्र कायम आहे!