टाइप-सी सगळीकडे आलं, मग वेग का नाही आला? एका पोर्टची अर्धवट गोष्ट

२८ डिसेंबर २०२४ पासून युरोपियन युनियनच्या २७ देशांत नवा स्मार्टफोन विकायचा तर त्याला यूएसबी टाइप-सी पोर्ट असणं कायद्याने सक्तीचं झालं. टॅबलेट, डिजिटल कॅमेरे, हेडफोन, इअरबड्स यांनाही तोच नियम लागला. लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. तेव्हा आपल्याकडेही बातम्या झळकल्या, ‘आता सगळ्यांना एकच केबल!’

बातमी खरी होती, पण अर्धीच. केबल आता सगळ्यांच्या फोनला बसते. पण बसल्यावर ती काय काम करेल, किती वेगाने करेल, हे तुम्हाला ना फोन बघून कळतं ना केबल बघून. माझ्या ड्रॉवरमध्ये आत्ता टाइप-सीच्या नऊ केबल्स आहेत. दिसायला सगळ्या सारख्या. त्यातल्या दोनच केबल्स फोनमधला मोठा व्हिडिओ लॅपटॉपवर झटपट टाकतात. बाकीच्या सात चार्जिंगला उत्तम, डेटाच्या बाबतीत मात्र २००० सालच्या. हे असं का आहे, आणि नवा फोन घेताना याचा विचार का करायचा, ते या लेखात बघूया.

कायद्याने नेमकं काय ठरवलं?

आधी थोडं मागे जाऊ. २००९ मध्ये युरोपियन कमिशनच्या आग्रहाने मोबाइल कंपन्यांनी एक करार केला. एकूण १४ कंपन्या त्यात आल्या आणि मायक्रो यूएसबी हा सामायिक पोर्ट ठरला. त्यामुळे तिथल्या चार्जरचे प्रकार ३० वरून ३ वर आले. पण करार ऐच्छिक होता आणि अडॅप्टर देऊन वेळ मारून नेण्याची सोय त्यात होती. अ‍ॅपलने तेच केलं. २०१२ मध्ये आयफोन ५ सोबत लाइटनिंग हा स्वतःचा पोर्ट आणला आणि पुढची अकरा वर्षं तोच चालवला.

मग युरोपने कायदाच करायचं ठरवलं. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपियन पार्लमेंटमध्ये ६०२ विरुद्ध १३ मतांनी तो मंजूर झाला. कमिशनच्या अंदाजानुसार फेकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरचा कचरा वर्षाला ११,००० टन होतो, आणि नको असलेल्या चार्जरवरचा खर्च टळला तर ग्राहकांचे वर्षाला २५ कोटी युरो वाचू शकतात. अशा सक्तीमुळे नव्या कल्पना मारल्या जातील, असा अ‍ॅपलचा आक्षेप होता. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ टाइप-सी घेऊनच आला.

या कायद्यात मुख्य गोष्टी चार आहेत. पोर्टचा आकार टाइप-सी हवा. १५ वॅटच्या वर चार्ज होणाऱ्या फोनला ‘यूएसबी पॉवर डिलिव्हरी’, म्हणजे पीडी, हे सामायिक फास्ट चार्जिंग चाललंच पाहिजे. ग्राहकाला चार्जरशिवाय फोन घेता आला पाहिजे. आणि फोनला कमीत कमी व जास्तीत जास्त किती वॅट लागतात, हे लेबलवर छापलं पाहिजे.

आता यात काय नाही ते बघा. डेटा किती वेगाने गेला पाहिजे, याची अट नाही. तो वेग लेबलवर छापायची सक्तीही नाही. कायदा चार्जिंगसाठी होता, त्याने चार्जिंगचा प्रश्न सोडवला. पण पोर्टची कामं दोन आहेत, आणि दुसरं काम तसंच राहिलं.

एकच पोर्ट, वीस पट फरक

याचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे आयफोन १५ मालिका. साधा आयफोन १५ आणि आयफोन १५ प्रो, दोघांनाही टाइप-सी. बाहेरून पोर्ट अगदी सारखा. पण साध्या आयफोनचा पोर्ट यूएसबी २ वेगाचा, म्हणजे ४८० एमबीपीएस. प्रोचा पोर्ट १० जीबीपीएसपर्यंत, म्हणजे कागदावर वीस पटींहून जास्त. यूएसबी २.० हे मानक आलं एप्रिल २००० मध्ये. ज्यांचा जन्म त्यानंतरचा आहे, अशा वाचकांच्या नव्याकोऱ्या फोनमध्ये त्यांच्याहून वयाने मोठं मानक बसलेलं आहे!

यामागे तांत्रिक कारण होतं. आयफोन १५ मध्ये आधीच्या वर्षीची ए१६ चिप होती, तर प्रोमधल्या ए१७ प्रो चिपमध्ये जलद यूएसबीसाठीचा वेगळा कंट्रोलर होता. पण पुढच्या वर्षी आयफोन १६ ला नवी चिप मिळाली, तरी त्याचा पोर्ट यूएसबी २ वरच राहिला. त्यामुळे जलद पोर्ट हे महागड्या मॉडेलकडे ग्राहक खेचण्याचं एक साधन झालंय, असं माझं मत आहे.

अँड्रॉइडमध्ये वेगळं चित्र नाही. गॅलक्सी एस२४ ला ५ जीबीपीएसचा पोर्ट आहे, तर त्याच कंपनीच्या गॅलक्सी ए५५ ला यूएसबी २.०. आपल्याकडच्या १५-२० हजारांच्या फोनमध्ये तर यूएसबी २.० हेच गृहीत धरून चाला.

हिशोब करून बघू

इथे एक जुना घोळ आधी सोडवू. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट्स. आपल्या फाइल्स मात्र मेगाबाइट्समध्ये मोजल्या जातात आणि एका बाइटमध्ये ८ बिट्स असतात. म्हणून ४८० ला ८ ने भागा, सेकंदाला ६० एमबी मिळाले. तेही कागदावर. प्रत्यक्षात यूएसबी २.० वर ३५ ते ४० एमबी मिळाले तरी खूप.

समजा, फोन भरलाय आणि १०० जीबीचे फोटो-व्हिडिओ लॅपटॉपवर टाकायचे आहेत.

- यूएसबी २.० वर, सेकंदाला ४० एमबी धरून: साधारण ४२ मिनिटं.
- ५ जीबीपीएसवर, सेकंदाला ४०० एमबी धरून: साधारण ४ मिनिटं.
- १० जीबीपीएसवर, फोन आणि लॅपटॉपचं स्टोरेजही तेवढं जलद असेल तर: साधारण २ मिनिटं.

तुम्ही म्हणाल, ‘आम्ही केबलने फाइल्स टाकतोच कुठे? क्विक शेअर आहे, एअरड्रॉप आहे, क्लाउड आहे.’ मुद्दा बरोबर आहे. चांगल्या वायफायवरचं क्विक शेअर कधीकधी यूएसबी २.० केबललाही मागे टाकतं. ज्यांचं काम दिवसाला चार फोटो पाठवण्यापुरतं आहे, त्यांनी हा विषय सोडून दिला तरी चालेल.

पण आज फोन हाच ज्यांचा कॅमेरा आहे, त्यांचं काय? आयफोनवर ४के ६० फ्रेम्सचा एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण ४०० एमबी खातो. तासाभराचं शूटिंग म्हणजे २४ जीबी. गावातल्या लग्नाचं, जत्रेचं, कबड्डीच्या सामन्याचं शूट करून रात्रीतच रील्स एडिट करणाऱ्या मुलाला रोज हे करावं लागतं. क्लाउडवर २४ जीबी चढवायला जो नेट लागतो, तो दिवसाला दीड-दोन जीबी मिळणाऱ्या प्लॅनमध्ये बसत नाही. त्याच्यासाठी केबल हाच खरा रस्ता आहे. आणि फोन घेताना हा रस्ता केवढा रुंद आहे, हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं.

केबलच्या पोटात काय असतं?

टाइप-सी कनेक्टरला २४ पिन असतात. पण प्रत्येक केबलमध्ये त्या सगळ्या पिनांना तारा जोडलेल्या असतीलच असं नाही. यूएसबी २.० ला डेटासाठी तारांची एकच जोडी लागते. जास्त वेगासाठी वेगळ्या जोड्या असतात. चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये या जादा जोड्या नसतातच. त्यामुळे फोन १० जीबीपीएसचा, लॅपटॉप १० जीबीपीएसचा, पण मधली केबल साधी असेल तर वेग २००० सालचाच मिळणार. आयफोन १५ प्रोच्या बॉक्समध्येही यूएसबी २ ची केबल येते. जलद केबल वेगळी विकत घ्यावी लागते.

दुसरा गैरसमज वॅटचा. जास्त वॅटची केबल म्हणजे सगळ्याच बाबतीत भारी, असं आपल्याला वाटतं. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला टाइप-सी केबल मागितली की पहिला प्रश्न येतो, ‘किती वॅटची देऊ?’ ‘किती जीबीपीएसची?’ हा प्रश्न मला तरी अजून कुणी विचारलेला नाही. आणि या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध नाही. अ‍ॅपलची स्वतःची २४० वॅटची चार्जिंग केबल डेटासाठी यूएसबी २ वेगाचीच आहे.

वॅटमध्येही एक मेख आहे. ६० वॅटच्या वरच्या केबलमध्ये ई-मार्कर नावाची छोटी चिप असावी लागते, जी चार्जरला ‘मी एवढा करंट झेलू शकते’ असं सांगते. शिवाय सुपरवूकसारख्या कंपन्यांच्या खास चार्जिंगला त्यांचीच केबल लागते. दुसरी लावली तर फोन चार्ज होतो, पण रमतगमत.

स्वस्त केबल वेगापुरतीच कमी पडते असंही नाही. गूगलचे इंजिनिअर बेन्सन ल्युंग यांनी २०१५-१६ मध्ये ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या टाइप-सी केबल्स स्वतः तपासल्या. अनेक केबल्समध्ये ५६ किलोओहमच्या जागी १० किलोओहमचा रेझिस्टर निघाला. त्यामुळे फोनला वाटतं की समोरचा पोर्ट ३ अँपिअर देऊ शकतो, आणि तो जुन्या पोर्टमधून झेपणार नाही एवढा करंट ओढतो. चुकीची जोडणी केलेल्या एका केबलने तर त्यांचा लॅपटॉपच बिघडवला. त्यानंतर मार्च २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनने मानकात न बसणाऱ्या टाइप-सी केबल्सच्या विक्रीवर बंदी घातली.

नावांचा गोंधळ कुणी घातला?

ग्राहकाने माहिती काढायचं ठरवलं तरी नावं समोर आडवी येतात. ५ जीबीपीएसच्या वेगाला २००८ मध्ये यूएसबी ३.० म्हणत. पुढे त्याचंच नाव यूएसबी ३.१ जेन १ झालं, नंतर यूएसबी ३.२ जेन १. वेग तोच, नावं तीन. मानक ठरवणाऱ्या यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरमला हे उशिरा का होईना पटलं. २०२२ मध्ये त्यांनी नवे लोगो आणले: थेट ५, १०, २०, ४० जीबीपीएस असा आकडा, आणि केबलवर ६० किंवा २४० वॅट. फारच छान! अडचण एवढीच की हा लोगो मिळवण्यासाठी जे प्रमाणपत्र लागतं, ते घेणं कंपन्यांच्या मर्जीवर आहे. बाजारातल्या बहुतेक केबल्स कोऱ्याच येतात.

आपल्याकडे काय व्हायला हवं?

भारतातही भारतीय मानक ब्यूरोने टाइप-सीचं मानक आणलंय. त्याची घोषणा ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये केली. दिशा योग्य आहे. पण आपण युरोपचा नियम जसाच्या तसा उचलला, तर त्यातली उणीवही सोबत येईल.

प्रत्येक फोनला १० जीबीपीएस द्या, अशी मागणी मी करणार नाही. १२ हजारांच्या फोनमध्ये तो खर्च घातला, तर कॅमेऱ्यात नाहीतर बॅटरीत काटछाट होईल. मागणी साधी आहे: बॉक्सवर आणि केबलवर दोन आकडे छापा. किती वॅट आणि किती जीबीपीएस. फ्रिज घेताना आपण स्टार बघतो, वीजबिलाचा अंदाज येतो, मग आपल्या ऐपतीप्रमाणे निवडतो. केबलच्या पाकिटावर कमाल किरकोळ किंमत छापावीच लागते. तिच्याशेजारी हे दोन आकडे छापायला असा काय खर्च येणार आहे?

तोपर्यंत तुम्ही काय कराल?

- फोन घेण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर स्पेसिफिकेशन उघडा. नुसतं ‘यूएसबी टाइप-सी’ लिहिलं असेल तर यूएसबी २.० समजा. वेग जास्त असता तर त्यांनी मिरवला असता.
- केबल घेताना दोन प्रश्न विचारा: वॅट किती, जीबीपीएस किती? चार्जिंगसाठी एक आणि डेटासाठी एक, अशा दोन केबल्स ठेवणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. डेटाची केबल जरा जाड आणि आखूड असते, त्याला घाबरू नका.
- घरच्या केबल्स तपासायच्या असतील तर ४ जीबीचा एकच व्हिडिओ लॅपटॉपवर कॉपी करून वेळ लावा. फोन आणि लॅपटॉपचा पोर्ट दोन्ही जलद हवेत. दीड-दोन मिनिटं लागली तर केबल यूएसबी २.० ची. १५-२० सेकंदांत झालं तर ती केबल जपून ठेवा. हजारो छोटे फोटो टाकून मोजू नका, त्यात कुठलीही केबल रेंगाळते.
- कळलं की केबलला पट्टी चिकटवून पेनाने लिहून ठेवा, ‘डेटा’ किंवा ‘चार्जिंग’. जे काम कंपनीने करायला हवं होतं, ते सध्या आपल्यालाच करावं लागणार आहे.

तुमच्या फोनचा पोर्ट किती वेगाचा आहे, ते आजच बघून घ्या. आणि पुढच्या वेळी दुकानात ‘टाइप-सी द्या’ एवढंच म्हणू नका, आकडा सांगून मागा. गिऱ्हाईक आकडा मागायला लागलं, की दुकानदार होलसेलवाल्याला तोच आकडा विचारायला लागेल.