लाँग केस, मुक्काम मेहरूण

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक



मी जळगावच्या मेहरूणचा, निवृत्त शिक्षक. आयुष्यभर पेपर तपासले. दोनेक वर्षांपूर्वी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र मी स्वतःच ‘लाँग केस’, म्हणजे विद्यार्थ्यांनी सविस्तर तपासायचा पेशंट, होतो. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, तेव्हापासून हृदयाची एक झडप अरुंद आहे. तिचा आवाज म्हणे परीक्षेला फार उपयोगी. सकाळी चहा-पोहे मिळाले, खाटेवर जाऊन बसलो.

पहिला मुलगा निदान घेऊनच आला. वॉर्डात कुणीतरी कानात सांगितलेलं. कागदाकडे बघत चार प्रश्न विचारले आणि परीक्षकांपुढे घडाघडा बोलला. शेवटच्या मुलीला कुणी सांगितलं नसावं. तिनं आधी स्वतःचं नाव सांगितलं, स्टेथोस्कोप तळहातावर घासून गरम केला आणि विचारलं, “काका, मेहरूणच्या तलावाला फेरी मारताना दम कुठं लागतो?” म्हटलं, पूर्वी लागत नसे, आता विसर्जनाच्या घाटापाशीच बसावं लागतं. आवाज ओळखायला मात्र ती चुकली. कुणाला किती गुण पडले, ठाऊक नाही. मला कुणी विचारलंच नाही.

2019 पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. विद्यार्थ्याला काय माहीत आहे यापेक्षा काय करता येतं, ते पाहायचं. त्यासाठी लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामांची नोंदवही, आहे. पण टर्म संपताना सह्यांसाठी रांग लागते, असं मुलंच सांगतात. मी हसत नाही. वही न वाचता ‘पाहिले’ असा शेरा मीही मारलेला आहे.

स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी 1975 साली ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षेची पद्धत मांडली: बेल वाजली की पुढचं टेबल, प्रत्येकाला तीच कामं, तीच तपासयादी. कानात सांगितलेल्या निदानाचा तिथं फारसा उपयोग नाही. तिचीही घोकंपट्टी होते म्हणा. हात न धुता “मी हात धुतले” एवढं म्हणून गुण घेणारे निघतातच. तरीही अंतिम परीक्षेत तिला भरीव जागा द्यावी.

आणि खानदेशातल्या केंद्रांवर एक टेबल अहिराणीचं ठेवा. पारोळ्याकडची आजी “छातीमा धडधड व्हई ऱ्हायनी” म्हणाली, की पुढचा प्रश्न तिला कळेल असा विचारता आला पाहिजे. ही बोली तुमच्या नाशिक जिल्ह्यात, बागलाणातही आहे.

शेवटची मागणी केसच्या वतीनं. मला काय झालंय हे मला समजेल असं सांगितलं का, याचे दोन गुण पेशंटच्या हाती द्या. दोनच.

यंदा बोलावणं आलं तर येईन. लाल पेन माझं मी आणीन.

आपला,
मेहरूणचा एक निवृत्त शिक्षक