शिक्षक कोणास म्हणावें ?

विद्या अंगीं असणें हा एक गुण आणि ती दुसऱ्याच्या अंगीं उतरविणें हा दुसरा. हे दोन्ही गुण ज्याच्या ठायीं एकत्र असतील त्यासच शिक्षकांत अग्रस्थान द्यावें, असा अभिप्राय कालिदासानें ‘मालविकाग्निमित्रां’त परिव्राजिकेच्या मुखीं घातला आहे. या कसोटीस उतरणारें एक उदाहरण आमच्या नव्या मुंबईनें प्रत्यक्ष पाहिलें आहे.

दि. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर भारतीय महिलांनीं दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनीं हरवून एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक प्रथमच जिंकला. त्यांचे मुख्य प्रशिक्षक होते श्री. अमोल मुजुमदार.

१९८८ सालीं शारदाश्रमाच्या तेंडुलकर-कांबळी जोडीनें ६६४ धावांची अभंग भागी केली, तेव्हां पुढचा फलंदाज म्हणून पायांस पॅड बांधून तिष्ठत बसलेला विद्यार्थी तो हाच. आचरेकर सरांचाच शिष्य. १९९४ सालीं रणजी करंडकाच्या पहिल्याच सामन्यांत त्यानें हरियाणाविरुद्ध २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणींतील पदार्पणाचा तो त्या काळचा जागतिक विक्रम होता. पुढें १७१ सामने, ११,१६७ धावा, ३० शतकें. २००६-०७ मध्यें त्यांच्याच नेतृत्वाखालीं मुंबईनें रणजी करंडक जिंकला. परंतु भारताच्या मधल्या फळींत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांसारखे रथी ठाण मांडून होते. देशाकडून एकही सामना खेळण्याचा योग मुजुमदारांस आला नाहीं.

ऑक्टोबर २०२३ मध्यें महिलांचा संघ त्यांच्या हातीं आला. विश्वचषकांत लागोपाठ तीन सामने हरल्यानें टीकेची झोड उठली. इंग्लंडविरुद्ध वगळलेल्या जेमिमा रॉड्रिग्ज हिनेंच पुढें उपान्त्य सामन्यांत नाबाद १२७ धावा काढून ऑस्ट्रेलियाची ३३८ ची मजल ओलांडून दिली. शफाली वर्मा हिचें तर मूळ संघांत नांवही नव्हतें. प्रतिका रावळ जायबंदी झाल्यामुळें तिला आयत्या वेळीं पाचारण झालें, आणि अंतिम सामन्यांत तिनें ८७ धावा काढून दोन बळीही घेतले. बाहेर बसलेल्याच्या मनाची तयारी कशी राखावी, हें ज्यानें सारा जन्म बाहेर बसून अभ्यासिलें त्याहून अधिक कोण जाणणार !

परीक्षेंत पहिला क्रमांक हुकला म्हणून मुलांवर रुष्ट होणाऱ्या पालकांनीं हें चरित्र घरांत अवश्य सांगावें; मात्र ‘तूंही पुढें जग जिंकशील’ असें आमिष दाखवूं नये. त्या रात्रीं चषक हातीं आला नसता, तरी तीं ३० शतकें उणीं झालीं नसतीं. केलेला अभ्यास अंगीं मुरतो. त्यास मान मिळणें न मिळणें ही गोष्ट निराळी.