अंध राजाचा प्रश्न

कुंदन शहा यांचा ‘जाने भी दो यारो’ हा चित्रपट १९८३ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या साहाय्याने, अवघ्या ७ लाखांच्या आसपास खर्चात निघाला. आज त्याचा विषय निघाला की महाभारताच्या प्रयोगातील गोंधळ आठवून लोक हसू लागतात. परंतु या चित्रपटाची थोरवी त्याने किती हसविले यात नसून, ते हसू कोठे थांबविले यात आहे.

पार्श्वभूमी ध्यानात घ्यावयास हवी. सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळत असे, आणि १९८२ च्या जानेवारीत सिमेंट प्रकरणावरूनच राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले होते. चित्रपटातील मुंबईत बिल्डर तरनेजा व आहुजा यांची आयुक्त डिमेलो यांच्या कृपेसाठी चढाओढ चालते. येथे प्रत्येक गोष्टीला भाव आहे. खुनाचा पुरावा हाती येताच ‘खबरदार’ची संपादिका तो छापण्याऐवजी त्याचा सौदा करू लागते. भक्ती बर्वे यांनी ही भूमिका इतक्या सोज्वळ चेहऱ्याने केली आहे की, तिचा लोभ अधिकच बोचतो. पुढे तर आयुक्तांचे प्रेत हाच क्रयवस्तू होऊन बसतो.

बिनोद प्रधान यांचा कॅमेरा या अघोरी व्यवहाराला कोठेही नटवीत नाही. अर्धवट इमारती आणि वाहते रस्ते तो साध्या नजरेने टिपतो. म्हणूनच शवपेटीला बिघडलेली मोटार समजून ओढून नेणारा मद्यधुंद आहुजाही अशक्य वाटत नाही. छायाचित्र मोठे करता करता खून उघड होण्याचा प्रसंग हा अँतोनियोनी यांच्या १९६६ च्या ‘ब्लो-अप’ला केलेला नमस्कार होय. तथापि तेथे छायाचित्रातील सत्याविषयीच संशय उरतो. येथे सत्य ढळढळीत आहे, ते कोणाला नको आहे इतकेच.

प्रेताला द्रौपदी करून सारे रंगमंचावर झोंबतात, तेव्हा अंध धृतराष्ट्र ‘हे काय चालले आहे’ असे पुनःपुन्हा विचारतो. त्याला कोणीही उत्तर देत नाही. प्रेक्षक हसतात, पण संपूर्ण चित्रपटात विचारण्याजोगा प्रश्न तोच एक आहे.

अखेरीस पूल कोसळतो, वैरी एक होतात आणि दोष दोघा निरपराध छायाचित्रकारांवर येतो. आशेचे गीत चालू असताना ते कैद्यांच्या वेषात भर गर्दीतून चालतात. कोणी वळूनही पाहत नाही. मग ते आपल्याकडे पाहून गळा चिरल्याची खूण करतात.

१४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा पादचारी पूल कोसळून माणसे मृत्युमुखी पडली. अशा बातमीनंतर दोन दिवस हळहळून ‘चालायचेच’ म्हणणारा समाज या चित्रपटाचे शीर्षक उपदेश म्हणून वाचतो. वस्तुतः ते शीर्षक म्हणजे आरोपपत्र आहे, आणि त्यात प्रेक्षकाचेही नाव आहे.